देवघरात बसवलेला खायचा सोडा

मी खायचा सोडा बोलतोय. खायचा, हे नीट ऐका. कारण अंबरपेठेतल्या या घरात मला कशात टाकलं गेलं, ते आठवलं की अजून किळस येते. सोड्याला कसली आलीय किळस, असं म्हणाल. एकदा माझ्या जागी बसून बघा म्हणजे कळेल.

गल्लीच्या तोंडावरच्या किराणा दुकानातून मी पुडीत आलो. भामाबाईंनी मला लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ओतलं आणि साखरेच्या डब्यामागे ढकलून दिलं. माझी काही तक्रार नव्हती. मिरचीच्या भज्यांत चिमूटभर, छोल्यांत चिमूटभर, भामाबाईंचे यजमान नामदेवराव यांच्या छातीत जळजळायला लागलं की ग्लासभर पाण्यात थोडा. अंगात गुण म्हणाल तर एकच. आंबट भेटलं की मी उसळतो. लिंबू, चिंच, ताक, काहीही चालतं. आंबट नसेल तर गप्प पडून राहतो. यापलीकडे मला काही कळत नाही, आणि कळतं असं मी कुणाला सांगितलेलंही नाही.

भामाबाईंच्या सुनेला, शिल्पाला, दुसऱ्यांदा दिवस गेले. पहिली मुलगी केतकी, चार वर्षांची. तिसरा महिना लागला तशी भामाबाईंची झोप उडाली. त्यांची धाकटी बहीण शैला जवळच नल्लकुंट्याला राहते. तिला दुसरा उद्योग नाही, सकाळ-संध्याकाळ फोनवर काहीबाही पाठवत असते. तिनं एक व्हिडिओ पाठवला. सकाळची पहिली लघवी वाटीत घ्या, वरून चमचाभर खायचा सोडा टाका. फेस आला तर मुलगा, नाही आला तर मुलगी. दवाखान्यात असलं विचारणं गुन्हा आहे, एवढं भामाबाईंना ठाऊक होतं. स्वयंपाकघरात कोण बघायला येतंय?

"नुसतं बघायचं गं," त्या शिल्पाला म्हणाल्या. "बघायला काय जातं आपलं?"

शिल्पानं नवऱ्याकडे पाहिलं. संदेशची मान मोबाइलमध्ये. "आई म्हणतीय तर करून टाक ना," तो म्हणाला. "उगं परेशान कायकू होतीस?"

वाटी कुठली घेतली माहीत आहे? केतकीची. रोज वरणभात कालवायची ती, काठावर फुलं असलेली. शी. मी त्या वाटीत पडलो आणि तळाशी जाऊन बसलो. का उसळावं मी? शिल्पा आठवडाभर उलट्यांनी बेजार होती. अंगातलं आंबट सगळं तोंडावाटे निघून गेलेलं. भामाबाईंनी वाटी हलवली, चमच्यानं ढवळली, नाक जवळ नेऊन वास घेतला. मग तोच चमचा विसळून साखरेच्या डब्यात ठेवला.

"मुलगीच आहे," त्या म्हणाल्या. जणू मी सही-शिक्का मारून दिला होता.

दुपारी शैलाचा आवाज फोनमधून स्वयंपाकघरभर ऐकू येत होता. राज्याच्या बॉर्डरपलीकडच्या गावात तिच्या ओळखीची एक बाई आहे म्हणे. सकाळी नेलं की संध्याकाळी घरी, कुणाला पत्ता लागत नाही. सोमवार ठरला. संदेशनं लगेच गाडीसाठी कुणाला तरी फोन लावला. भज्यात घालायचा सोडा मी, आणि माझ्या गप्प बसण्यावरून एक जीव घालवायला निघाली होती ही माणसं. भामाबाईंचं एक वेळ सोडा, त्यांची हयात मुलगाच हवा या धाकात गेली. पण तो बाप? त्यानं गाडीत एसी आहे ना, एवढंच विचारलं.

त्या संध्याकाळी शिल्पा सिंक घासायला उभी राहिली. मला जाळीवर भुरभुरवलं आणि वरून पिळलेल्या लिंबाची साल घासली. मी सवयीनं फसफसून वर आलो. ती थांबली. तिनं पुन्हा थोडा सोडा टाकला, पुन्हा साल घासली. मी पुन्हा वर आलो.

"लिंबालाबी मुलगाच आहे की," ती स्वतःशीच म्हणाली. ती हसली, पण ते हसणं बघून मला बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सासूला सांगितलं, "आई, काल माझी तब्येत ठीक नव्हती. एकदा परत बघूया का?" भामाबाईंना तेवढंच हवं होतं. शिल्पा वाटी घेऊन बाथरूममध्ये गेली आणि घेऊन आली. चमचाभर मी वाटीत पडलो आणि पडताक्षणीच ओळखलं. हे पाणी शिल्पाचं नव्हतं. नामदेवरावांच्या पोटात मी इतक्यांदा जाऊन आलोय, त्या माणसाचा आंबटपणा मी ओळखणार नाही होय? शुगरच्या तपासणीसाठी लॅबवाल्याला द्यायची त्यांच्या लघवीची बाटली तिथं बाथरूमच्या फळीवर होती. मी असा उसळलो की फेस वाटीबाहेर ओट्यावर आला.

भामाबाईंनी आधी देवाला हात जोडले, मग शैलाला फोन केला. सोमवार रद्द झाला. संध्याकाळी माझ्या बरणीला हळदकुंकू लावून त्यांनी मला देवघरात, बाळकृष्णाशेजारी बसवलं. वाटीत टाकलं तेव्हा आली नव्हती एवढी शिसारी मला तिथं आली. रोज उदबत्तीचा धूर, झाकणावर झेंडूचं फूल. सून तीच, पोट तेच, पण आता तिला सासू स्वतःच्या हातानं बदाम भिजवून देत होती. ही सगळी माया नामदेवरावांच्या लघवीवर उभी होती. शिल्पा दिवा लावायला आली की माझ्याकडे बघायची आणि निघून जायची. पोट वाढेपर्यंत तिला गप्प राहायचं होतं.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. तुम्हाला आपली रीत ठाऊक आहे. दोन वाट्या झाकून ठेवायच्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. बाईनं पेढा उघडला तर मुलगा, बर्फी उघडली तर मुलगी. गंमत असते ती. पण भामाबाईंनी सकाळीच दोन्ही वाट्यांत पेढे ठेवलेले मी देवघरातून पाहिले. मला देवाशेजारी बसवलं, तरी बाईचा माझ्यावर पुरता भरवसा नव्हता.

बायका जमल्या, गाणी झाली. फुलांच्या वाडीत सजलेल्या शिल्पानं एक झाकण उचललं. पेढा निघाला. टाळ्या पडल्या. मग तिनं शांतपणे दुसरंही झाकण उचललं, आणि टाळ्या थांबल्या.

"आई," ती म्हणाली, "तो फेस आला ना, ते वाटीतलं माझं नव्हतं. मामंजींचं होतं. लॅबच्या बाटलीतलं."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग मागून एक म्हातारी म्हणाली, "म्हणजे नामदेवरावांना मुलगा होणार म्हणा की." बायकांना हसू आवरेना. शैला पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. दारात सरबताचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या संदेशला ट्रे ठेवायला जागा सापडेना.

भामाबाई मात्र हसल्या नाहीत. शिल्पाच्या हातातलं झाकण काढून घेत त्यांनी विचारलं, "मग पोटात काय आहे गं?"

"मूल आहे," शिल्पा म्हणाली. "ज्याला तुम्ही सोमवारी टाकून येणार होता, तेच."

आता मी पुन्हा सिंकपाशी आलोय. शिल्पानंच मला देवघरातून उतरवलं आणि बरणीवरचं कुंकू पुसून काढलं. भामाबाई माझ्याकडे बघत नाहीत, आणि मलाही त्यांच्याकडे बघायची हौस नाही. बाळ अजून यायचंय. मुलगा की मुलगी, मला माहीत नाही. मला कधीच माहीत नव्हतं.

बायांनो, भजी तळा, छोले शिजवा, पोटात जळजळलं तर मला पाण्यातून प्या. पण पोटात कोण आहे, हे मला विचारायला येऊ नका. लिंबाच्या सालीला बघून उसळणारा मी, माझ्या तोंडाकडे बघून कुणाचा जीव घेऊ नका.

बरणीत उरलो होतो तेवढं सगळं मला आज शिल्पानं केतकीच्या त्या वाटीत ओतलं, वर लिंबू पिळलं आणि वाटी आतून-बाहेरून घासघासून धुतली. फुलांची नक्षी आता नव्यासारखी चमकतेय. तरी शिल्पा त्या वाटीत केतकीला जेवायला वाढत नाही.