उलटा मोजा

नवा बूट चावला आणि मला कळलंच नाही. साखरेच्या आजाराने पायातली जाणीव गेली होती. बायको रोज म्हणायची, "अहो, पाय दाखवा." मी म्हणायचो, "गिऱ्हाइकाची मापं घेऊ की पाय दाखवत बसू?" जखम चिघळली आणि डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पाय गेला तेव्हा ही होती. नवा पाय आला तेव्हा नव्हती. हृदय बंद पडलं, सकाळी, भाजी निवडताना.

माझं शिलाईचं दुकान पहिल्या मजल्यावर, अठरा पायऱ्या. मुलगी म्हणाली, "बाबा, महिनाअखेर कोणी न धरता चढलात तर दुकान उघडा. नाहीतर सोडायचं आणि माझ्याकडे राहायचं."

"तुझ्याकडे काय करू?"

"जावयाबरोबर बातम्या बघा."

एवढी भीती मला ऑपरेशनचीही वाटली नव्हती.

नवा पाय बसवणाऱ्या बाईंनी शिकवलं, आधी थोटकावर मोजा, मग पाय. घरी मोजा नीट पाहिला तर शिवण बाहेर! चाळीस वर्षं शिवतोय, शिवण बाहेर ठेवून कोणी कपडा घालतं का? बाईंना शिलाईतलं काय कळणार, असं म्हणत सगळे मोजे सुलटे करून टाकले.

चौथ्या दिवशी कातडीवर लाल रेघ आणि मधे फोड. महिना संपायला आठ दिवस. गप्प बसावंसं वाटलं. पण एकदा दाखवायचं टाळून एक पाय घालवला होता. बाईंना जाऊन दाखवला.

"मास्तर, शिवण आत कोणी केली?"

"सुलटं केलं."

"सदऱ्याला आत चालते. सदऱ्यावर तुम्ही उभे राहत नाही!"

दहा दिवस पाय घालायचा नाही, असं ठरलं. मुलीला फोन केला.

"मुदत वाढव."

"का म्हणून?"

"फोड आलाय, काम राहिलंय. परवा ये."

ती हसत सुटली. "जन्मभर गिऱ्हाइकांना हेच सांगितलंत! बरं, फोड भरला की आणखी एक आठवडा. त्यापुढे एक दिवस नाही."

त्या आठवड्याच्या शेवटी चढलो. कठड्याला हात, चांगला पाय आधी वर, मग नवा. अकराव्या पायरीवर दम लागला. मागून मुलीचा हात आला.

"लावू नकोस. धरलंस तर मोजणार नाहीस."

हात मागे गेला. अठरावी पायरी आली तेव्हा घाम मला कमी आणि तिला जास्त होता. तिने किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

आत ही काज-बटणं करायला बसायची त्या स्टुलावर धूळ बसली होती. पुसली, स्टूल तिथेच ठेवलं.

अर्ध्या तासात खालचा न्हावी पँट घेऊन आला. पायाकडे बघितलंही नाही.

"कमरेत सैल कर बाबा. बसलो की श्वास अडकतो."

मी टेप गळ्यात अडकवली आणि म्हटलं, "सरळ उभा राहा. पोट आत घेऊ नकोस, माप चुकतं."