पावडर मारलेली झुरळं

सुरतेजवळच्या डिंडोलीत, आमच्या खोल्यांच्या लाइनीत सोवळं पाळणारं घर एकच होतं, आणि ते सोवळं किड्यांचं होतं.

घर सुपडूचं. सुपडू लूमवर कामाला, मूळचा एरंडोलकडचा. त्याची आधीची साळुंकी जंतांनी मेली होती. जनावरांच्या डॉक्टरने तेव्हा त्याला समजावलं की बाहेरचा टोळ, गांडूळ, झुरळ पाखराला घातलं की त्यांच्या पोटातले जंतही पाखराच्या पोटात जातात. घरी कोंड्यात अळ्या पाळा आणि त्याच घाला. सुपडूने हा गुरुमंत्र मानला. खाटेखाली डालड्याचा डबा, डब्यात गव्हाचा कोंडा, कोंड्यात पिवळ्या अळ्या, वर गोणपाट. डब्याला शिवण्याआधी तो साबणाने हात धुई. स्वतः जेवण्याआधी धुताना मी त्याला पाहिलेलं नाही.

आता घरात साळुंकीचं नवं पिल्लू होतं. त्याच्या मुलीला, धनश्रीला, शाळेच्या पत्र्याखाली पडलेलं सापडलं होतं. मुलगी नऊ वर्षांची. पिल्लाचं वय कुणाला ठाऊक नव्हतं, पण घरात मान त्याचाच.

मग चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला. आधी बातमी आली, मग लोक स्टेशनकडे गेले, आणि रोग खरा की खोटा हे विचारायला लाइनीत फारसं कुणी उरलंच नाही. सुपडूची बायको शोभा धनश्रीला घेऊन माहेरी निघाली. पिल्लू बरोबर नेण्यासाठी पोरीने रडून घर डोक्यावर घेतलं. पण त्या गाडीत माणसं खिडकीतून आत कोंबली जात होती, पिंजऱ्याला कोण जागा देणार?

"तू येशी तवलोंग हाई जित्तं राही," सुपडूने तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं. पोरीने दोनदा वदवून घेतलं, तेव्हा ती रिक्षात बसली.

शोभाने जाण्याआधी घर झाडलं होतं. कोपऱ्यावर सगळ्या लाइनीचा कचरा जळत होता, त्यात तिने डालड्याचा डबा फेकला. सुपडू ओरडला, तर म्हणाली, "मानसं मरी राहिनात, अन् तुमीन किडासले जेवाडा!"

सुपडूने जळत्या कचऱ्यात काठी घालून डबा ओढला. अळ्या उरल्या नव्हत्या.

दुकानं बंद. कोंडा नाही, आणि असता तरी नव्या अळ्या व्हायला महिना लागतो. सुपडूने भिजवलेली डाळ दिली, भाकरीचा कुस्करा दिला. पिल्लू चोचीत घेई आणि बाजूला टाकून देई. दोन दिवसांत त्याच्या छातीचं हाड बोटाला लागू लागलं. गटारात झुरळांची काय वाण नव्हती, पण सुपडू त्यांच्याकडे बघून मान फिरवी. "जंत शेतस त्यासमा."

तिसऱ्या दिवशी सकाळी म्युनिसिपालटीचे पावडरवाले आले. त्यांच्यातला छगन नाकाला रुमाल बांधून, लोकांना बाजूला सारत गटारावर, उंबऱ्यावर, तुळशीच्या डब्यावरसुद्धा पांढरी पावडर उधळत होता. "खसो भाई, खसो! बधुं साफ थई जशे!" सगळं साफ होणार होतं. त्या आठवड्यात सुरतेत सल्ला आणि पावडर या दोन गोष्टी कधी कमी पडल्या नाहीत.

तासाभराने गटारातून झुरळं वर आली. उताणी पडली, पाय हलवत राहिली. पकडायला धावावं लागत नव्हतं.

सुपडू ताटलीत सातआठ घेऊन माझ्या दाराशी आला. मी सचिन गावातल्या एका मिलमध्ये कारकून. बी.कॉम. ही काही जंतांवर बोलण्याची पदवी नव्हे, पण लाइनीत तेवढीच एक होती.

"भाऊ, तुमी शिकेल मानूस. यासवर पावडर पडेल शे. आतला जंत मरी जातीन ना?"

मी वर्तमानपत्र वाचत होतो. तोंडावर रुमाल होता. बोलायचं जिवावर आलं होतं.

"माणसांचा प्लेग मारायला टाकलीय ती," मी म्हटलं. "तिथे जंताची काय कथा?"

"मंग चाली ना?"

"चालेल की."

त्याचा चेहरा असा उजळला, की मला स्वतःच्या शिक्षणाविषयी बरं वाटलं. त्याने झुरळं उकळलेल्या पाण्यात तीनदा धुतली, पाय-पंख काढले. मी वर्तमानपत्र घेऊन त्याच्या ओट्यावरच बसलो. पिल्लू तळहातावरून खाऊ लागलं. एक, दोन, तीन. दोन दिवसांची भूक होती.

"खाई राहिनं ना! धनश्री येई तर देखी!"

थोड्या वेळाने पिल्लाचे पंख थरथरू लागले. साळुंकीचं पिल्लू खायला मागताना चोच वासून पंख तसेच थरथरवतं.

"आखो मांगस," म्हणत सुपडूने चौथं दिलं.

चौथं चोचीतून खाली पडलं. पंख थांबले नाहीत. मान मागे वळत गेली, थेट पाठीला टेकली. मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "पुरे, सुपडू," म्हटलं, पण तोवर पुरेच झालं होतं.

सुपडूने ते उलटंसुलटं करून पाहिलं. चोच उघडून घशात पाहिलं. विष्ठा काडीने पसरून पाहिली.

"जंत एकबी नही, भाऊ."

"नाही."

"मंग काय झालं याले?"

मला उत्तर माहीत होतं. ताटलीत अजून चार झुरळं होती, धुतलेली.

"साथ असेल," मी म्हणालो. त्या आठवड्यात या शब्दावर कुणी फेरप्रश्न करत नव्हतं.

सुपडूने आपल्या तळहाताकडे पाहिलं. पिल्लू त्याच तळहातावरून जेवलं होतं. मग तो मागे सरकला, एक पाऊल, दोन पावलं, खोलीत. पिल्लू हातातच होतं.

"भाऊ, दूर व्हा," म्हणत त्याने दार लावलं. आतून आवाज आला, "शोभाले कागद लिखा. पोरले इकडे धाडू नको म्हना. काय झालं ते तुमीनच लिखा, मन्हाकडून होवाव नही."

मी दाराशी उभा राहिलो. "सुपडू," अशी हाक मारली. पुढचं वाक्य तयार होतं, लहानसंच होतं.

"जा, भाऊ. तुमी शिकेल मानूस, तुमले समजस."

मी घरी आलो, साबणाने हात धुतले आणि पत्र लिहायला बसलो. साथीत पाखरंसुद्धा जातात, असं लिहिलं. अक्षर चांगलं आलं होतं.