काचखाऊ

कारखान्यात त्या आम्लाला सगळे काचखाऊ म्हणत. हायड्रोफ्लुओरिक हे नाव फक्त कॅनवर होतं, आणि कॅन प्लास्टिकचा, कारण काचेच्या बाटलीत ठेवलं तर ते बाटलीच खाऊन टाकतं. नवरा मेण लावलेल्या काचेवर सुईने नक्षी ओढायचा आणि ती काच टाकीत बुडवायचा. मेण खरवडलेल्या जागी काच धुरकट पांढरी होऊन निघायची. बायको काचा धुवायची, मेण काढायची आणि दिवसभर नवऱ्यावर डोळा ठेवायची.

डोळा ठेवण्याला कारण होतं. दुसरं आम्ल अंगावर उडालं तर माणूस लगेच बोंब मारतो. पातळ केलेलं काचखाऊ मात्र आधी ताकास तूर लागू देत नाही. गुपचूप कातडीतून आत शिरतं, हाडातलं आणि रक्तातलं कॅल्शियम धरतं आणि मग हृदयाच्या मुळावर येतं. म्हणून हातमोजे उतरले की ती त्याच्या एकेका बोटाला चिमटा काढायची, बोटं जागी आहेत ना ते बघायला. तो "आई गं, मारतेस का काय!" म्हणून ओरडायचा, शेजारच्या लाकूडकामवाल्याला हसू यायचं, आणि तिचा जीव भांड्यात पडायचा.

त्या दिवशी चहाच्या वेळी त्याने उजवा मोजा काढला, तर आतून टाकीतलं काचखाऊ ठिबकलं. बोटाच्या टोकाला काचेची बारीक कपची रुतून रबर फाटलं होतं. तिने त्याचा हात नळाखाली धरला, बराच वेळ धुतला, मग कपाटातलं कॅल्शियमचं जेल काढून चोळायला लागली. जेलसोबतच्या कागदावर लिहिलेलं तिला पाठ होतं, दुखणं थांबेपर्यंत चोळा आणि दवाखाना गाठा.

"दुखतंय?"

"थोडं."

ती चोळत राहिली. थोड्या वेळाने तो म्हणाला, "थांबलं बघ. सोड आता, तो मोठा आरसा आजच द्यायचाय."

"आरसा गेला खड्ड्यात! दवाखान्यात चला."

"अगं, थांबलं म्हणतोय ना? सुतावरून स्वर्ग गाठू नकोस."

माणूस हट्टाला पेटला की दगडापुढे डोकं फोडणं परवडलं. शिवाय दुखणं थांबलं होतं, म्हणजे जेलने काम केलं होतं. तिने जेलचं झाकण लावलं. संध्याकाळी आरसा पुसताना त्याच्या हातून फडकं गळून पडलं. बोटं राखेसारखी झाली होती, आणि छातीत काहीतरी फडफडतंय असं तो म्हणत होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी शिरेतून कॅल्शियम चालू केलं, छातीला तारा लावल्या.

"जेल लावणं का थांबवलंत?"

"दुखायचं थांबलं म्हणाले ते."

"यांना साखरेचा आजार आहे?"

"आहे. गोळ्या चालू आहेत."

"मग बोटं बधिर असतील."

"छे हो! मी रोज चिमटे काढते. रोज ओरडतात."

डॉक्टरीणबाईंनी खाटेवरच्या माणसाकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता, आणि तिला कळून चुकलं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"झालं असेल वर्षभर."

"मग ओरडायचात कशाला?"

"तू चिमटा काढताना तुझं तोंड दिसायचं ना. ओठ आवळलेस की ओरडायचं, बस." तो ओशाळून हसला. "खरं सांगितलं असतं तर टाकीजवळ उभं केलं असतंस का मला? दुसरं काय येतं मला?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, दुसरं काही येत नाही म्हणून काय जीव द्यायचा? मी काय तुम्हाला घराबाहेर काढणार होते? काचा धुतल्या असत्यात, मेण लावलं असतंत! नक्षी मी शिकले असते!"

"तुझी रेघ वाकडी येते," तो म्हणाला.

तेवढ्यात यंत्र किंचाळायला लागलं. नर्सने तिला दंडाला धरून बाहेर काढलं. आत धावपळ झाली, कोणीतरी मोठ्याने आकडे मोजत छाती दाबत होतं. ती भिंतीशी उभी राहून त्याला मनसोक्त शिव्या घालत होती, खोटारडा, हेकट, मूर्ख. तो बाहेर आला की एकही शिवी शिल्लक ठेवायची नाही असं तिने ठरवलं होतं.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि त्यांनी नकारार्थी मान हलवली, तेव्हाही ती पुटपुटतच होती.