आबांचा शड्डू

माझ्या उजव्या हाताला एक खोड होती आणि त्या खोडीपायी माझं आशियाई पदक गेलं. आमच्या उचगावात हे लोक हळू आवाजात सांगतात. मी मोठ्याने सांगते. चूक माझीच होती, तर झाकायची कशाला?

अल्माटीत कांस्यपदकाची लढत होती. एकसष्ट किलो गट, दोन-दोन बरोबरी आणि अकरा सेकंद शिल्लक. मी समोरच्या मुलीच्या पोटात ठोसा मारला. तो नीट बसला. आणि पंचांनी थांबायची खूण करायच्या आधीच माझा हात मांडीवर पडला. थाड! कोल्हापूरच्या मैदानात यावर शिट्ट्या पडल्या असत्या. कराटेत मात्र ठोसा बसल्यावरही नजर आणि पवित्रा सोडायचा नसतो. सोडला की गुण जातो. माझा गेला. वर मला बेसावध बघून तिने ठोसा मारला आणि तिचा मोजला गेला. दोन-तीन. मी बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले आणि तोंड धुऊन बाहेर आले.

ही खोड घरातूनच आली होती. माझे वडील जोतीराम, आमचे आबा, एकेकाळचे नावाजलेले पैलवान. कुरुंदवाडच्या मैदानात त्यांचा उजवा खांदा निखळला तेव्हा मी पाच वर्षांची होते. त्या दिवसापासून त्यांनी शड्डू ठोकला नाही. शड्डू म्हणजे आव्हान; ज्याला लढता येत नाही त्याने मांडी वाजवू नये, हा त्यांचा कायदा. पण कानांची सवय कुठे जाते? संध्याकाळी मला अंगणात उभी करायचे आणि म्हणायचे, “नंदे, ठोक बघू. मी ऐकतो.” मी ठोकायचे. गोठ्यातली म्हैससुद्धा मान वर करायची. आबांचा चेहरा असा फुलायचा की मी मांडी लाल होईपर्यंत थांबायचे नाही.

आमच्या तालमीत तेव्हा मुलींना घेत नसत. म्हणून मी धैर्यशील सरांच्या कराटेच्या वर्गात गेले. आबा त्याला ‘हवेतली मारामारी’ म्हणायचे आणि माझ्या प्रत्येक लढतीच्या आदल्या दिवशी गुपचूप जोतिबाला नारळ फोडून यायचे.

अल्माटीहून परतले तेव्हा ते धार काढत होते. मान वर न करता म्हणाले, “मी शिकवलं, ते तुला नडलं.”

“तसं न्हाय, आबा.”

“गप बस. कुस्तीत बी पाठ टेकल्याबिगर कुणी हात सोडत न्हाय. तेवढं सांगायचं माझ्याकडनं ऱ्हाऊन गेलं.”

त्या माणसाला मी कधी असं बघितलं नव्हतं, आणि मला स्वतःचा भयंकर राग आला. तिथेच ठरवलं, पुढचं पदक आणायचं, आणि हा हात आवरून आणायचं. नाहीतर आबा मरेपर्यंत स्वतःला दोष देत बसतील.

सरांनी सगळं करून पाहिलं. हात मांडीवर गेला की शंभर जोर. जोर मारून माझे दंड भरले, खोड जागच्या जागी. तिसऱ्या आठवड्यात आबाच वर्गात येऊन उभे राहिले.

“सर, हाताला नुसतं नको म्हणून चालतंय व्हय? त्याला दुसरं काम द्या की.”

त्यांनी दुधाच्या किटल्या पुसायचा टॉवेल भिजवून त्याची घट्ट गाठ मारून आणली होती. माझा ठोसा बसला रे बसला, की ते डाव्या हाताने तो बोळा माझ्या तोंडावर फेकणार. मी उजव्या हाताने तो उडवायचा. पहिल्या दिवशी हात मांडीवर आणि बोळा नाकावर. पोरं खिदळली. दुसऱ्या दिवशीही तेच. दोन वर्षं रोज पहाटे मी आंबूस दुधाचा वास खाल्ला. मधे गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा खुर्चीत बसून बोळे उडवले. “सत्तावीस वर्षांची झाली, अजून खेळतीया,” असं भावकीतलं कोणी म्हणालं की आबा त्यांनाच विचारायचे, “पावणं, येतायसा का बोळा फेकायला?”

मग जकार्ता. पुन्हा आशियाई, पुन्हा कांस्यपदकाची लढत. चार-चार बरोबरी आणि सात सेकंद शिल्लक. पहिला गुण समोरच्या मुलीने घेतला होता, म्हणजे लढत बरोबरीत सुटली तर विजय तिचाच. ती मागे सरकत वेळ काढत होती. मी विचार केला नाही. आत घुसले आणि ठोसा मारला. बसला. अंगातलं सगळं रक्त उजव्या तळहातात उतरलं. मांडी बोलवत होती, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात तिचा उलटा ठोसा आला, थेट तोंडावर. माझा हात वर गेला आणि त्याने तो उडवून लावला. अगदी बोळा उडवावा तसा. मी पवित्र्यात तशीच उभी राहिले, डोळे तिच्यावर. पंचांनी थांबवलं. गुण माझा. पाच-चार. उरलेले सेकंद कसे गेले ते मला आजही आठवत नाही. मी वाकून तिला नमस्कार केला, मॅटबाहेर आले आणि मगच रडले. या वेळी सगळ्यांसमोर.

फोन लावला. दूध संस्थेच्या हॉलमध्ये सगळं गाव मोबाईलला डोळे लावून बसलं होतं. कलकलाटातून आबांचा आवाज आला.

“ठोकलास व्हय गं?”

“न्हाय आबा. हात वर ठिवला.”

“बघितलं मी.” आणि फोन आईकडे गेला. “नंदे, थांब,” ती ओरडली, “ह्यांनी सदरा का काढलाय बघू दे...”

मागचा गलका एकदम थांबला. आणि मग मला ऐकू आला तो आवाज, थाड! थोडा तिरका, कारण खांदा पुरता फिरत नव्हता. बावीस वर्षांनी आबांनी शड्डू ठोकला होता, आणि या वेळी ऐकणारी मी होते.