सल्लागार रामकिसन सर

आमच्या कॉलेजनं विद्यार्थ्यांच्या तब्येतीची काळजी घ्यायचं ठरवलं आणि आमची तब्येत बिघडली. प्रिन्सिपॉल पुण्याला जाऊन आले होते. तिथं कॉलेजात डॉक्टर असतो, सल्लागार असतो, मग उस्मानाबादेनंच काय घोडं मारलंय? दर महिन्याला एक डॉक्टर येऊन आम्हाला सदरे काढून हॉलमध्ये उभं करू लागला. तक्रार काही असो, औषध एकच, एरंडेल. दुसऱ्या दिवशी मागच्या माळावर जेवढी पोरं दिसायची, तेवढी वर्गात कधी दिसली नाहीत.

एरंडेलानं जो बरा होईना, तो मनानं आजारी. माझ्या खोलीतला आयुब तसा निघाला. परंड्याचा, शाळा सगळी उर्दूत झालेली. अर्थशास्त्राचा तास इंग्रजीत सुरू झाला की त्याचे हात कापायचे. जेवण तुटलं, झोप उडाली. त्याच्या आईनं, खातूनबीनं, दर्ग्यातून ताईत आणला. मी येरमाळ्याहून येडाई देवीचा अंगारा आणला. दोन्हीकडचा बंदोबस्त झाला, तरी कापणं सुरूच. शेवटी प्रिन्सिपॉल म्हणाले, सल्लागारांनी ठीक म्हटलं तर राहा, नाहीतर घरी जा. घरी किराणा दुकान त्याची वाटच बघत होतं, आणि आयुबला व्हायचं होतं वकील.

सल्लागार कोण, तर अर्थशास्त्राचेच रामकिसन सर. कागदावरून मान वर न करता शिकवणारे, आणि शंका विचारली की वर्गाबाहेर काढणारे. अशा माणसापुढं मन मोकळं करायचं, तेही स्टाफरूममध्ये, चहाच्या वेळी. मी सोबतीला गेलो होतो. एक सर म्हणाले, थंड पाण्यानं अंघोळ कर. दुसरे म्हणाले, ब्रह्मचर्य पाळ. तिसरे म्हणाले, याचं लग्न लावून टाका. एकाच पोरानं हे सगळं कसं जमवायचं, हे कुणीच सांगेना. माझं डोकं फिरलं होतं. आयुब फरशीकडं बघत बसला होता.

घंटा झाली, बाकीचे तासाला गेले. सरांनी उठून दार लावलं आणि नेमकं कधी कापतं ते विचारलं.

"तुमी इंग्रजी सुरू केलं की," आयुब म्हणाला. "मला येड लागतंय का सर?"

 मग सरांनी सांगितलं, की त्यांचं बीए निजामाच्या काळात हैदराबादेत उर्दूतून झालेलं. विलीनीकरण झालं आणि हुकूम आला, इंग्रजीतून शिकवा. तेव्हापासून ते रात्री पाठ करतात, सकाळी वर्गात म्हणून दाखवतात. मध्येच कुणी शंका विचारली की पुढचं सगळं पुसलं जातं.

"मग तुमी कुणाचा सल्ला घेता?" आयुबनं विचारलं.

"कुणाचा घेऊ? सल्लागार मीच."

मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. आयुब खुर्ची पुढं ओढून म्हणाला, आजचा धडा उर्दूत सांगा. सर आधी दाराकडं बघून कचरले. मग तलब आणि रसद, म्हणजे मागणी आणि पुरवठा, सांगायला लागले ते थांबेचनात. हातात कागद नाही, मान ताठ, मध्येच एक शेरसुद्धा. आयुब शंकेवर शंका विचारत होता आणि सर खुशीत येत होते. बाजारभाव का चढतो ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पुढची घंटा झाली. पोरगं ठीक आहे असं प्रिन्सिपॉलांना सांगतो, सर म्हणाले. आम्ही उठलो, तरी ते खुर्चीतच बसून होते.

"उद्या येशील ना?" त्यांनी विचारलं.

"येतो की सर," आयुब म्हणाला. "तुमी घाबरू नका."