कौलांखालचा कागद

व्हर्लीनच्या शिवणाच्या खोलीचं छत मंगळवारच्या वादळात खाली आलं, ते नेमकं शिलाई मशीनवर. ऑर्व्हल स्टिडमला हे गुरुवारी कळलं आणि सकाळची कॉफी त्याने तशीच ठेवून दिली. कारण या घराच्या छपराला काही झालेलं नाही, असा निर्वाळा दोन वर्षांपूर्वी त्यानेच दिला होता.

मेसामधल्या त्या गल्लीत छपराच्या बाबतीत ऑर्व्हलचा शब्द शेवटचा. एकेचाळीस वर्षं त्याने ॲरिझोनाच्या उन्हात कौलं घातली. हाताखालच्या माणसांकडून तो एकच गोष्ट घोकून घ्यायचा. कौलाकडे बघू नका, कौल पन्नास वर्षं मिरवतं. पाणी अडवतो तो त्याच्याखालचा डांबरी कागद, आणि तो पंचविशीत संपतो. घराला वीस वर्षं झाली की वर चढायचं, चार ठिकाणी कौल उचलायचं आणि कागद बोटांनी दुमडून बघायचा. व्हर्लीनच्या घराला सत्तावीस झाली होती.

तिने फोन करून बोलावलं म्हणून तो गेला, तेव्हा तिच्या अंगणात इसिड्रो उभा होता. ऑर्व्हलच्याच हाताखाली शिकलेला, आता पन्नाशीचा, स्वतःची चार माणसं कामाला ठेवणारा.

"बरं झालं आलास," व्हर्लीन म्हणाली. "हा तुझा चेला मला टोपी घालायला निघालाय. म्हणे सगळी कौलं उतरवायची, खालचा कागद नवा घालायचा आणि तीच कौलं परत चढवायची. अरे, एक कौल फुटलेलं नाही. मी म्हटलं, ऑर्व्हल स्वतः वर जाऊन बघून आलाय, दहा वर्षं काळजी नको म्हणालाय."

इसिड्रोने हातातला डांबरी कागदाचा काळा तुकडा दुमडला. भाजलेल्या पापडासारखा त्याचा चुरा झाला.

"मास्तरांनी बघितला तेव्हा बरा असेल," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "ऊन फार आहे इथलं. जातो कधी कधी दोन वर्षांत."

तो थाप मारत होता. चांगला कागद दोन वर्षांत असा होत नाही, हे त्याला ठाऊक होतं, कारण ते त्याला ऑर्व्हलनेच शिकवलं होतं. ज्याला चोर ठरवलं जात होतं तोच ऑर्व्हलची अब्रू झाकत होता.

"दुसरा एक जण नुसतं छत बुजवून द्यायला तयार आहे," व्हर्लीन म्हणाली. "तू सांगशील तसं करते. म्हण, की याला घरी पाठव."

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण पुढच्या वादळात शेजारच्या खोलीचं छत खाली आलं असतं, आणि व्हर्लीन त्याच खोलीत झोपत असे.

"मी वर गेलोच नव्हतो," ऑर्व्हल म्हणाला.

"शिडी लावलेली मी बघितली होती."

"लावली होती. तिसऱ्या पायरीवर पाय लटपटायला लागले. उतरलो आणि मागे तुझ्या लिंबाखाली बसून राहिलो. तुला सांगायची लाज वाटली. मग खालूनच कौलं बघितली आणि दिलं ठोकून."

व्हर्लीनने मागच्या लिंबाच्या झाडाकडे बघितलं. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"उन्हात दमून आलास म्हणून मी तुला अख्खा केक बांधून दिला होता," ती म्हणाली.

"हो. खाल्ला मी."

ती इसिड्रोकडे वळली. "तुला वाटेल तसं बोलले मी, माफ कर. सोमवारी सुरू कर." मग पुन्हा ऑर्व्हलकडे बघून म्हणाली, "गल्लीत आणखी किती घरांना असं सांगितलंयस?"

हा प्रश्न येऊ नये म्हणून तो मनातल्या मनात देवाला विनवत होता.

"चार."

"मग इथे काय उभा आहेस? आणि तुझी शिडी घेऊन जा. दोन वर्षं माझ्या भिंतीला टेकून पडलीय."

शिडी एकट्याला उचलेना. इसिड्रोने दुसरं टोक धरलं. त्या चार घरांपैकी पहिल्याच्या दारापाशी ऑर्व्हल थांबला.

"शिडी मी तुमच्या घरी पोचवतो, मास्तर. तुम्ही या मागून."

"नको. इथेच धरून थांब," ऑर्व्हल म्हणाला. "मला शिडी एकट्याला उचलत नाही, हे दिसू दे त्यांना." आणि त्याने घंटा वाजवली.