पान उचलणारा कंगवा

मित्रांनो, मी एक जुना हिरवा कंगवा आहे. माझे दोन दात पडले आहेत आणि रंगही उडत चालला आहे. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला सांगता येणार नाही. गरम प्लॅस्टिक, साचा आणि अंधारं खोकं, एवढंच आठवतं. पहिला उजेड पाहिला तो धरणगावच्या बाजारात, बांगड्या-टिकल्यांच्या गाडीवर. दिपमालाने मला उचललं, दात अंगठ्याने वाजवले, मग स्वतःच्या तळहातावर ओढून पाहिले. "पोरीच्या डोक्याला टोचायला नको," ती म्हणाली, आणि मी तिच्या सोनलचा झालो.

ते दिवस सुखाचे होते. रोज सकाळी तेल, भांग, दोन वेण्या. "आपला कंगवा कुणाला द्यायचा नाही हं, उवा होतात," हे आईचं वाक्य सोनलला पाठ होतं.

मग एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घात झाला. अंगणात चुलीवरच्या पालथ्या खापरावर पुरणपोळ्या चालल्या होत्या. सोनल पळत आली, पाय घसरला आणि तिचे दोन्ही हात त्या तापलेल्या खापरावर पडले. जखमा भरल्या, पण बोटांची टोकं गुळगुळीत झाली. पातळ कागद त्यांच्यात ठरेना. जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, "आता तिला सगळं हाताने करू द्या, पकड हळूहळू येईल." दिपमालाने मान हलवली आणि घरी येऊन घास भरवायला बसली. वहीचं पान तीच उलटायची, बाटलीचं झाकण तीच उघडायची. केस मात्र घाईघाईत विंचरले जायचे. माझ्या दातांत तेल आणि धूळ साचली. मी खिडकीत पडून असायचो.

सोनलच्या वर्गात फळ्याशेजारी रोज पान फाडायचं कॅलेंडर होतं. ज्याची पाळी, त्याने पान काढायचं आणि फळ्यावर तारीख लिहायची. सोनलची पाळी आली तेव्हा पान निघेच ना. निघालं ते चार पानं एकदम.

"थुंकी लाव ना बोटाला!" बादल मागून ओरडला. "नाहीतर आईला बोलव!"

वर्ग हसला. योगेंद्र सर म्हणाले, "राहू दे सोनल, सोमवारी पुन्हा बघू. नाही जमलं तर बादल काढेल तुझं पान."

घरी येऊन ती आईला म्हणाली, "त्याने माझं पान काढलं तर मी शाळेत जाणारच नाही."

रविवारी न्हाणं झालं. दिपमालाने मलाही साबणाने घासलं. जानेवारीचं कोरडं ऊन होतं. सोनलचे केस वाळले आणि मी त्यांतून फिरू लागलो, तसा चटचट आवाज आला. केस माझ्यामागे उभे राहिले. खेळता खेळता सोनलने मला बाबांच्या दुकानातल्या बिलाच्या पॅडजवळ नेलं. वरच्या पातळ कागदाचा कोपरा थरथरला आणि वर उठून मला चिकटला!

"आई, पान आपण होऊन आलं!"

"आपण होऊन नाही गं. घासल्यावर कंगव्यात वीज साचते. अगदी थोडीशी. ती कागदाला ओढते." हे सांगताना दिपमाला कॉलेजात असल्यासारखी दिसत होती. सोनलने उठलेल्या कागदाखाली हाताची कड सरकवली, दोन तळव्यांत तो धरला आणि ओढला. एकच कागद निघाला. मग भिंतीवरच्या कॅलेंडरावर सराव झाला. संध्याकाळपर्यंत घरात पुढची तारीख लागलेली होती!

सोमवारी दिपमाला पहाटेच उठली. आज सगळं नीट व्हायला हवं, म्हणून तिने सोनलच्या डोक्यावर भरपूर तेल घातलं आणि घट्ट वेण्या घातल्या. मी तेलात न्हालो. त्या गडबडीत कुणाच्याच काही लक्षात आलं नाही.

वर्गात सोनलने मला दप्तरातून काढून केसांतून फिरवलं आणि कॅलेंडरजवळ नेलं. पान हललं नाही. पुन्हा फिरवलं. काही नाही.

"अंगात आलं का कंगव्याच्या?" बादल म्हणाला. पुन्हा हशा पिकला.

खिडकीबाहेर दिपमाला उभी होती; सोनलमागोमाग तीही शाळेत आली होती. "तेल! माझंच चुकलं, तेलकट कंगव्यात वीज साचत नाही," असं म्हणत ती दाराकडे वळली. शाळेत खिचडी करणाऱ्या उषाअक्काने तिचा हात धरला. "मझार जाऊ नको वं माय. बठ्ठं तूच करशी, ते पोर कव्हय शिकी?"

आत जायचं नाही, सगळं आपणच केलं तर पोर शिकणार कधी, हे ऐकून दिपमाला थांबली. मी सोनलच्या मुठीत होतो.  तिने माझ्याकडे पाहिलं, चकाकणाऱ्या दातांवरून बोट फिरवलं, आणि मला फ्रॉकला खसाखसा पुसलं. मग ती मागे वळली. बादलचे केस बिनतेलाचे, चिमणीच्या घरट्यासारखे विस्कटलेले होते.

"बादल, इकडे ये. तुझं डोकं दे."

"माझं? कायले?"

"दे म्हटलं ना!"

तो आला आणि खाली वाकला. मी त्या कोरड्या रानातून सपासप फिरलो. चटचट, चटचट! बादलचे केस ताठ उभे राहिले आणि सगळा वर्ग बाकांवर चढला. सोनलने मला कॅलेंडरजवळ नेलं. कोपरा थरथरला. उठला. तिने हात सरकवला, पान धरलं आणि ओढलं.

एकच पान.

"निघालं रे!" सर्वांत मोठ्याने बादल ओरडला.

खिडकीतली दिपमाला आत आली नाही. पदराने डोळे पुसत घरी गेली. संध्याकाळी मला गरम पाण्यात बुडवताना मात्र ती पुटपुटली, "उवा नसल्या म्हणजे झालं."

मित्रांनो, घरातल्या कंगव्याला अधूनमधून साबणाने धुवा. तो स्वच्छ असला की त्याच्यातलं बळ दिसतं. आणि वर्गात कुणाचं पान निघत नसेल, तर ते तुम्ही काढून देऊ नका. तुमचं डोकं पुढे करा.